पैनगंगेच्या ओंजळभर पाण्यात

नकाशावर बुलढाणा जिल्हा काढा. त्याच्या पश्चिम कडेला अजिंठ्याच्या डोंगरांची रांग दिसेल. तिथे, देऊळघाटाच्या पलीकडच्या डोंगरांत, पैनगंगा उगम पावते. देऊळघाटावरून वाहत ती थोडी खाली येळगावच्या धरणात अडते आणि बुलढाणा शहराच्या घागरी भरते. धरणातून पुढे निघालेली नदी मेहकरकडे जाते, वाशिम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांना शिवत वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे देऊळघाटाला पाण्यात पडलेले पान पार आंध्रच्या किनाऱ्याला लागावे, अशी निदान नकाशावर तरी सोय आहे!

पान डोळ्यांना दिसते. पण नदी असे कितीतरी प्रवासी वाहून नेते की जे दिसत नाहीत. आज आपण त्यांचीच गणती कशी करतात ते पाहू या. त्यासाठी एक माप लक्षात ठेवा. तुमच्या ओंजळीत साधारण शंभर ते सव्वाशे मिलिलिटर पाणी मावते. गंमत अशी की, पाण्यातले जिवाणू मोजणारे शास्त्रज्ञही आपला आकडा ‘दर १०० मिलिलिटरला इतके’ असाच सांगतात. प्रयोगशाळेचे माप आणि आपली ओंजळ जवळजवळ सारखीच!

नदीच्या पाण्यात जिवाणू असणारच. मातीतले, शेवाळावरचे, कुजणाऱ्या पानांवरचे असे असंख्य जिवाणू एका ओंजळीत सापडतील. त्यांतले बहुतेक आपल्या वाटेला जात नाहीत. उलट मेलेली पाने, किडे यांचे विघटन करून ते नदीचे झाडूवाले बनतात. म्हणून ‘पाण्यात जंतू सापडले’ एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न असतो तो, ते आले कुठून, हा. माणसाच्या आतड्यातून आलेले असतील तर मात्र गोष्ट गंभीर. पटकी, विषमज्वर, हगवण या रोगांचे जिवाणू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या तोंडात जातात. १८८४ साली रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्याला आला होता. तेथील एका तळ्याभोवती पटकीची लागण झाली होती. त्याच तळ्यात लोक अंघोळ करत, कपडे धूत, आणि पिण्याचे पाणीही त्यातूनच नेत. कॉखला त्या तळ्याच्या पाण्यात पटकीचे स्वल्पविरामासारखे वाकडे जिवाणू सापडले.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपे आहे, पाण्यात पटकीचे आणि विषमज्वराचे जिवाणू शोधावेत, म्हणजे झाले! पण इथेच मेख आहे. गावात विषमज्वराचे रोगी दोन-चारच असतील, तर त्यांचे जिवाणू नदीत अगदी विरळ असतात. ते शोधणे म्हणजे गंजीतली सुई शोधणे. शिवाय रोग अनेक, प्रत्येकाच्या जिवाणूसाठी परीक्षा निराळी. आणि ते सापडेपर्यंत लोक पाणी पिऊन मोकळे झालेले असतात.

यावर शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली ती आपल्या जुन्या न्यायशास्त्रातल्या धुराच्या उदाहरणासारखी आहे. डोंगरावर धूर दिसला की अग्नी न दिसताही तो आहे असे आपण ठरवतो. पाण्यातला असा ‘धूर’ म्हणजे ई. कोलाय नावाचा जिवाणू. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तो १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून शोधून काढला. त्याच्याच नावावरून त्याचे नाव पडले. तो तुमच्या-माझ्या, गाईम्हशींच्या, शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यात मुक्काम ठोकून असतो. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. तो दर ग्रॅम विष्ठेत कोट्यवधींच्या संख्येने असतो आणि उघड्या पाण्यात फार दिवस तग धरत नाही. म्हणजे पाण्यात ई. कोलाय सापडला, तर विष्ठा नुकतीच मिसळली आहे असे समजावे. आणि निरोग्याची विष्ठा ज्या वाटेने आली, त्याच वाटेने रोग्याचीही येणार!

थोडे गणित करू या. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक ग्रॅम विष्ठेत एक कोटी ई. कोलाय आहेत असे धरा. हा एक ग्रॅम एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाण्यात सारखा मिसळला. घनमीटरात दहा लाख मिलिलिटर असतात. तेव्हा प्रत्येक मिलिलिटरला १० आणि आपल्या ओंजळीत, म्हणजे १०० मिलिलिटरला, १,००० जिवाणू आले. आता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक पाहा. अंघोळीच्या नदीच्या पाण्यात विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत, आणि काही झाले तरी २,५०० च्या वर जाऊ नयेत. एका ग्रॅमने हजार लिटर पाणी या ५०० च्या रेषेपलीकडे नेले! पिण्याच्या पाण्याचा दंडक तर अधिकच कडक आहे. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

पण एवढे बारीक जीव मोजतात कसे? सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायला बसले तर दिवस पुरणार नाही, आणि मेलेला कोणता नि जिवंत कोणता हेही कळणार नाही. म्हणून त्यांनाच बोलते करतात. काचेच्या नळ्यांत दुग्धशर्करेचा रस्सा घेतात आणि प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उपडी घालून ठेवतात. मग पाच नळ्यांत नदीचे पाणी १० मिलिलिटर, पाचांत १ मिलिलिटर, पाचांत ०.१ मिलिलिटर असे घालून त्या उबेला ठेवतात. कोलिफॉर्म जिवाणू दुग्धशर्करा आंबवतात आणि वायू सोडतात; तो वायू उपड्या नळीत बुडबुड्याच्या रूपाने अडकतो. पुढची परीक्षा ४४.५ अंश सेल्सिअसला घेतात. एवढ्या उष्णतेत मातीतले बहुतेक कोलिफॉर्म थकतात, पण आतड्यातले वाढतच राहतात. किती नळ्यांत बुडबुडा आला ते मोजून संभाव्यतेच्या गणिताने तयार केलेल्या तक्त्यात पाहिले की मूळ पाण्यातल्या जिवाणूंची ‘सर्वांत संभाव्य संख्या’ मिळते. ती नेमकी संख्या नव्हे, अंदाज आहे. पण गणिताने बांधलेला अंदाज आहे. संभाव्यतेचा धडा फासे आणि पत्ते यांच्यासाठीच असतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

‘वाहते पाणी निर्मळ’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण किती? आतड्यात ई. कोलायला ३७ अंशांची ऊब आणि आयते अन्न मिळत होते. नदीत दोन्ही नाही. उन्हातले अतिनील किरण त्याला मारतात. पाण्यातले एकपेशीय प्राणी त्याला गिळतात. काही जिवाणू गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. आणि आणखी एक शत्रू आहे. १८९६ साली आग्र्याच्या प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हॅन्किन याने प्रसिद्ध केले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू टाकले तर ते काही तासांत मरतात, मात्र पाणी उकळून घेतले तर मरत नाहीत. म्हणजे ते मारणारे काहीतरी उष्णतेने नष्ट होत होते! त्या वेळी याचा उलगडा झाला नाही. पुढे फ्रेडरिक ट्वॉर्ट याने १९१५ साली आणि फेलिक्स देरेल याने १९१७ साली जिवाणूंना खाऊन टाकणारे विषाणू शोधले. हॅन्किनने पाहिला तो प्रभाव अशा जिवाणुभक्षकांचा असावा असे आज मानले जाते.

मग नदीवर सोपवून आपण मोकळे व्हावे काय? मुळीच नाही. नदीला हे काम करायला वेळ लागतो, आणि अंतरही. स्वच्छ, उथळ पाण्यात भर उन्हात ई. कोलाय काही तासांत मरतो; गढूळ किंवा सावलीच्या पाण्यात तो दिवसचे दिवस टिकतो. वरच्या गावाची घाण जिरायच्या आत खालचे गाव आले तर? आपल्याकडे गावे दाट आहेत. त्यातून पैनगंगेसारख्या नद्या उन्हाळ्यात वाहतच नाहीत. उरतात ते डोह. त्याच डोहात गुरे बसतात, कपडे धुतले जातात, आणि काठच्या वाळूत झिरा खणून लोक पाणी भरतात. वाळूतून झिरपलेले पाणी बरेच गाळलेले असते खरे, पण झिऱ्याच्या तोंडाशी पाय आणि भांडी पडली की गाळणीचा उपयोग संपला.

पावसाळ्याचे कोडे तर याहून मोठे. पूर आला म्हणजे पाणी वाढले, घाण पातळ झाली, असे आपले गणित सांगते. पण मोजणी करणाऱ्यांना उलटे दिसते. पहिल्या पावसाच्या ‘नव्या पाण्यात’ जिवाणूंची संख्या घटण्याऐवजी एकदम चढते. असे का बरे होते? उन्हाळाभर उघड्यावर, नाल्यांत आणि गोठ्यांभोवती साचलेले सारे एका सरीने नदीत येते. दुसरे कारण तळाशी दडलेले असते. गाळात उतरलेले ई. कोलाय तिथल्या अंधारात आणि गारव्यात जास्त दिवस जगतात. पूर तो गाळ ढवळून काढतो. म्हणजे नदीचा तळ हा जिवाणूंची ठेव ठेवणारा सावकारच म्हणायचा! पटकी-हगवणीच्या साथी जून-जुलैत का उठतात याचे बरेचसे उत्तर इथे आहे. २०२२ च्या जुलैत मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकीची साथ आली, माणसे दगावली. नळयोजनेची वीज बंद होती आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते.

नदीच्या आरोग्याचा आणखी एक आकडा वर्तमानपत्रांत वाचायला मिळतो. २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदी-पट्ट्यांची यादी केली. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. आणि त्यांत पैनगंगेचा मेहकर ते उमरखेड हा पट्टाही होता. ही यादी जिवाणू मोजून केलेली नव्हती, तर पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजून केलेली होती. दोन्ही मोजमापे निराळी आहेत, त्यांची गल्लत करू नका. साखर कारखान्याची मळी प्राणवायू संपवील, पण तिच्यात ई. कोलाय असेलच असे नाही. आणि एखादा स्वच्छ दिसणारा झरा प्राणवायूने भरलेला असूनही विषमज्वर देऊ शकेल.

नदीचे झाले, आता तलावाचे. धरणाच्या पाण्यात जिवाणूंना खाली बसायला आणि मरायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून मोठ्या जलाशयाचे मधले पाणी नदीपेक्षा पुष्कळदा चांगले असते. काठचे पाणी मात्र तसे नसते. बुलढाणा जिल्ह्यातच एक असा तलाव आहे की ज्याचे वागणे सर्वांहून वेगळे. उल्कापाताने झालेले लोणारचे सरोवर तुम्हांला ठाऊक असेल. त्याचे पाणी खारट आणि इतके अल्कधर्मी, की त्याचा सामू १० च्या आसपास भरतो. एवढ्या खाऱ्या-अल्कली पाण्यात ई. कोलायचा टिकाव लागणे कठीण. पण २०२० च्या जूनमध्ये हे हिरवट सरोवर एकाएकी गुलाबी झाले! प्रदूषण, देवाची करणी, असे नाना तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा खरा रंगारी सापडला. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार दाटले होते, आणि असल्या दाट खाऱ्या पाण्यातच फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्य असणारे ‘हॅलोआर्किया’ माजले होते. हे जिवाणूंसारखे दिसत असले तरी जीवसृष्टीच्या एका वेगळ्याच शाखेचे आहेत. माणसाला ते रोग देत नाहीत. म्हणजे पाहा, रंग बदलून सगळ्या देशाला घाबरवणारे पाणी जंतूंच्या दृष्टीने निरुपद्रवी, आणि नितळ दिसणारे पाणी कदाचित घातक! मात्र लोणार गावाचे सांडपाणी सरोवराकडे उतरते ही तक्रार खरीच आहे. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. गोड सांडपाण्याने त्या खाऱ्या पाण्याची घडीच विस्कटते, हा तिथला खरा धोका.

नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते, तेव्हा चिंता नको असे तुम्हांला वाटेल. दिल्लीची एक हकिगत ऐका. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी शहराला पाणी पुरवणाऱ्या वझिराबादच्या उपशाजवळ शिरले. केंद्रातल्या मंडळींनी क्लोरीन वाढवला. विषमज्वर किंवा हगवण यांची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी शहरात काविळीचे सुमारे २९,००० रोगी झाले! पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीवरून हा हिपॅटायटिस-ई विषाणूचा प्रताप असल्याचे ठरले. क्लोरीनने जिवाणू मेले, विषाणू मात्र गढूळ पाण्याच्या आडोशाने निसटले. ‘धूर’ नव्हता, पण आग होती. त्यामुळे ओंजळीत शून्य ई. कोलाय आले तरी शास्त्रज्ञ पाण्याचा गढूळपणाही मोजतात, आणि पाणी आले कुठून हेही पाहतात.

आणि केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी घरी शुद्धच पोचते असेही नाही. नळ आठवड्यातून एक-दोनदाच येत असेल तर मधल्या काळात नळ्या रिकाम्या राहतात. रिकाम्या नळीत दाब नसतो. तिला भेग असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर गटाराचे पाणी आत ओढले जाते. पाणी सुटले की पहिला लोंढा तेच घेऊन येतो. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये. पुढे ते पाणी रांजणात चार-पाच दिवस राहते, तोवर त्यातला क्लोरीन उडून जातो, आणि कुणीतरी हात बुडवून तांब्या भरतो. लांब दांडीचे ओगराळे ही फार मोठी गोष्ट आहे! पाण्याची हयगय खेड्यांतच होते असे समजू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियां-बारे या नसांच्या आजाराची साथ आली, दोनशेहून अधिक रोगी आढळले. अनेक रोग्यांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. या जिवाणूच्या अंगावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. त्याच्याशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते.

आता तुम्हांला करता येण्याजोगे काही. प्रथम गावच्या विहिरीचे गणित. विहीर गोल आहे, व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर खोल. त्रिज्येचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ३७.७ घनमीटर, अर्थात ३७,७०० लिटर. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम लागते. म्हणजे साधारण १९० ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी विहिरीत सोडतात आणि अर्धा तास थांबतात. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, की पावडरीतला क्लोरीन उडतो आणि उरतो नुसता चुना. मग हिशेब बरोबर असूनही पाणी अशुद्धच. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ‘ओटी’ चाचणी करून पाणी पिवळे होते का पाहतो. त्याला विनंती करून एकदा ती पाहा; मात्र ते रसायन हाताळू नका, ते विषारी आहे. आरोग्य खात्याने तुमच्या ग्रामपंचायतीला लाल, पिवळे की हिरवे कार्ड दिले आहे तेही विचारून घ्या.

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ साली एक साधी बाटली प्रसिद्ध केली. तिच्यात पेप्टोन, गंधकाचे एक संयुग आणि लोहाचे एक संयुग शोषलेली कागदाची पट्टी असते. आतड्यातले काही जिवाणू गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू करतात; त्याचा लोहाशी संयोग झाला की काळे लोह सल्फाइड बनते आणि पाणी काळे पडते. (गंमत म्हणजे खुद्द ई. कोलाय हा वायू सहसा करीत नाही. त्याचे शेजारी करतात!) जलजीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यायचे ठरले, तेव्हा अशा बाटल्यांची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

तीन बाटल्या घ्या. एकीत उकळून गार केलेले पाणी, दुसरीत शाळेच्या टाकीचे, तिसरीत नदीचे किंवा उघड्या विहिरीचे. खुणेपर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, चिठ्ठ्या चिकटवा आणि उबदार जागी ठेवा. चोवीस तासांनी आणि पुन्हा अठ्ठेचाळीस तासांनी पाहून वहीत नोंद करा. पहिली बाटली काळी पडली, तर भरताना हात किंवा भांडे अस्वच्छ होते. प्रयोग पुन्हा करा. दुसरी पडली, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि टाकीचे पाणी पिणे थांबवा. काळी बाटली मात्र कुतूहलापोटीही उघडू नका, तिच्यात आता कोट्यवधी जिवाणू वाढलेले आहेत. शिक्षकांनी हातमोजे घालून तिच्यात टीसीएलची दाट निवळी ओतावी, अर्धा तास ठेवावे, आणि मग ते पाणी विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावे.